उंदीर कोणी काढला?

(मोठ्या गटासाठी वाचनपाठ)

मुलांनो, मागच्या दोन रविवारी आपण प्रयोग शिकलो. 'रामाने रावण मारला' हा कर्मणी, आणि 'रावण रामाकडून मारला गेला' हा नवीन कर्मणी. या दुसऱ्या वाक्यातला 'रामाकडून' हा शब्द काढून टाका. 'रावण मारला गेला.' वाक्य बरोबरच आहे, व्याकरणाची काही तक्रार नाही. बातम्यांत आणि सरकारी पत्रांत अशी वाक्ये पुष्कळ सापडतात. काम झाले एवढे कळते. करणारा मात्र वाक्याच्या बाहेर उभा राहतो.

आजच्या पाठासाठी आम्ही जी गोष्ट निवडली आहे, ती अशा बाहेर उभ्या राहिलेल्या माणसांची आहे. जागा तुमच्या चांगल्या ओळखीची: डिस्नेचा कार्टून स्टुडिओ. वाक्य असे घ्या: 'मिकी माऊस १९२८ साली काढला गेला.' कोणाकडून? 'वॉल्ट डिस्नेकडून' असे उत्तर तुमच्यापैकी बहुतेक जण देतील. ते अगदी चूक नाही, पण अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर शोधता शोधता त्या स्टुडिओचा शंभर वर्षांचा इतिहासच हाती लागतो.

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागोत झाला. (आपण मोठ्या माणसांना 'अहो-जाहो' करतो, पण या पाठात वॉल्टला एकेरीतच बोलावणार आहोत. स्टुडिओत शिपायापासून सगळे त्याला 'वॉल्ट'च म्हणत, 'मिस्टर डिस्ने' म्हटलेले त्याला आवडत नसे.) लहानपण मिसूरी राज्यात गेले, आधी मार्सलीन नावाच्या छोट्या गावी शेतावर आणि मग कॅन्सस सिटीत. तिथे वडिलांनी वर्तमानपत्रे टाकण्याचे काम घेतले होते. वॉल्ट आणि त्याचा मोठा भाऊ रॉय पहाटे उठून, थंडीत बर्फ तुडवत घरोघर अंक टाकत. पुढे १९१९ साली कॅन्सस सिटीतच जाहिरातींची चित्रे काढणाऱ्या एका ठिकाणी वॉल्टची गाठ अब आयवर्क्स नावाच्या मुलाशी पडली. दोघेही साधारण अठरा वर्षांचे. अब अबोल, पण त्याचा हात विजेसारखा चाले. वॉल्ट बोलका, डोक्यात रोज नवी कल्पना. दोघांनी मिळून चित्रांचा धंदा काढला, तो महिनाभर टिकला. मग १९२२ साली वॉल्टने कार्टूनची कंपनी काढली, तिचे १९२३ साली दिवाळे निघाले. तेव्हा तो सरळ हॉलिवूडला आला. रॉय क्षयरोगातून बरा होण्यासाठी आधीच कॅलिफोर्नियात येऊन राहिला होता. १६ ऑक्टोबर १९२३ रोजी मार्गारेट विंकलर या न्यूयॉर्कच्या वितरक बाईंशी दोघा भावांचा करार झाला. हाच स्टुडिओचा वाढदिवस मानतात. पहिली मालिका होती अॅलिसची. खरीखुरी मुलगी काढलेल्या चित्रांच्या दुनियेत फिरते, अशी ती गंमत होती. पुढच्याच वर्षी वॉल्टने अबला कॅन्सस सिटीहून बोलावून घेतले.

यानंतर वॉल्टने स्वतः चित्रे काढणे जवळजवळ सोडूनच दिले. आपल्याहून सरस काढणारी माणसे आपल्याच खोलीत बसली आहेत, हे त्याने ओळखले. गोष्ट कशी सांगायची, विनोद कुठे फुलवायचा, कुठे थांबायचे, हे तो बघू लागला. आम्हाला विचाराल तर हा त्याचा सर्वांत मोठा गुण. आपल्याला काय येत नाही हे विशीत कळणारी माणसे थोडी असतात. पुढे तो स्वतःला मधमाशीची उपमा देत असे: या खोलीतून त्या खोलीत जायचे, इकडचा पराग तिकडे न्यायचा.

आता जरा हिशेब करू. चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांपुढून जातात. पुष्कळदा कार्टूनमध्ये एकच चित्र दोनदा टिपतात, म्हणजे सेकंदाला १२ तरी वेगळी चित्रे हवीत. प्रत्येक चित्र आधीच्यापेक्षा केसभर वेगळे. वस्तू जराशी हलवायची, एक चित्र टिपायचे, पुन्हा हलवायची. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी याच युक्तीने १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' हा छोटा चित्रपट केला होता. त्यात काड्याच नाचतात! पण काडी हलवायला एक माणूस पुरतो. चित्रे काढायची म्हटली की माणसे लागतात, आणि खूप लागतात.

१९२७ साली वॉल्टच्या स्टुडिओने ऑस्वल्ड नावाचा एक ससा पडद्यावर आणला. ससा चांगला चालला. म्हणून १९२८ च्या सुरुवातीला वॉल्ट न्यूयॉर्कला गेला, प्रत्येक चित्रपटामागे थोडे जास्त पैसे मागायला. विंकलरबाईंचे पती चार्ल्स मिंट्झ आता धंदा सांभाळत होते. ते म्हणाले, जास्त नाही, उलट कमी घ्या. वॉल्टच्या बहुतेक चित्रकारांना त्यांनी आतून आपल्याकडे वळवून घेतले होते, आणि करार वाचून पाहिला तर ससा वॉल्टचा नव्हताच, तो युनिव्हर्सल कंपनीचा होता. काढला वॉल्टच्या स्टुडिओत, पण मालक दुसराच. वॉल्ट रिकाम्या हाताने परतला. त्या दिवसापासून त्याने एक गाठ पक्की बांधली की यापुढे आपल्या स्टुडिओत जे निर्माण होईल ते आपल्याच मालकीचे राहील. ही गाठ लक्षात ठेवा. तेरा वर्षांनी त्याचेच चित्रकार त्याच्या दारात उभे राहून साधारण हेच म्हणणार आहेत.

फितूर न झालेल्या थोड्यांत अब होता. नवे पात्र हवे होते, आणि दोघांच्या बोलण्यातून उंदीर निघाला. वॉल्टला तो परतीच्या आगगाडीत सुचला, अशी गोष्ट नेहमी सांगतात. गोष्ट म्हणून ती छान आहे. पण कागदावर मिकीला रूप दिले ते अबने. डोके गोल, कान गोल, पोट गोल, म्हणजे भराभर काढता यावा. सोडून जाणारे चित्रकार ऑस्वल्डचे उरलेले काम संपवत अजून त्याच जागेत बसत होते, म्हणून अबने मिकीचे पहिले कार्टून 'प्लेन क्रेझी' लपूनछपून, जवळपास एकट्याने काढले. दिवसाला सातशेपर्यंत चित्रे काढली म्हणतात! आपल्यापैकी कोणी एका दिवसात सत्तर काढून दाखवली तरी आम्ही पेढे वाटू.

१८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात 'स्टीमबोट विली' लागले. चित्राच्या ठेक्याला ठेका देत आवाज ऐकू येत होता. मिकीची शिट्टी, बोटीचा भोंगा, गाईच्या दातांवर वाजवलेले सूर. लोक वेडे झाले. मिकीचा आवाज पुढे कितीतरी वर्षे वॉल्ट स्वतः काढत असे, म्हणजे आवाज वॉल्टचा आणि अंग अबचे. या कार्टूनची सुरुवातीची पाटी नीट पाहा. तिच्यावर वॉल्टच्या नावाबरोबर अब आयवर्क्स हेही नाव आहे. १९३० साली अब स्टुडिओ सोडून गेला. जाताना कंपनीतला आपला पाचवा हिस्सा त्याने तीन हजार डॉलरच्याही आत विकून टाकला. (दहा वर्षांनी तो परत आला, पण नोकर म्हणून.) यानंतर तिसाव्या दशकातल्या छोट्या कार्टूनांवर एकच नाव दिसते, आणि ते कोणाचे हे सांगायला नको.

या दहा वर्षांत स्टुडिओ वाढला तो मात्र एखाद्या शाळेसारखा. १९३२ साली 'फ्लॉवर्स अँड ट्रीज' हे पूर्ण रंगीत कार्टून आले आणि कार्टूनसाठीचे पहिले ऑस्कर त्याला मिळाले. त्याच वर्षी शुनार्ड कलाशाळेतले डॉन ग्रॅहम हे शिक्षक स्टुडिओत येऊन वर्ग घेऊ लागले. कमावते चित्रकार दिवसभर काम करून संध्याकाळी पुन्हा विद्यार्थी होऊन बसत, जिवंत माणसे आणि प्राणी समोर ठेवून रेखाटने करत. आठवडाभर शाळा करून रविवारी इथे येताना तुम्ही तोंडे वाकडी करता ना, तेव्हा या लोकांची आठवण ठेवा. गोष्टीची लहान लहान चित्रे टाचणीने फळ्यावर लावून आधी सगळी कथा डोळ्यांखालून घालायची, ही पद्धतही याच स्टुडिओत रुजली. आज जगभर चित्रपट करणारे ती वापरतात.

कामाची विभागणी कशी होती तेही पाहू. मुख्य चित्रकार हालचालीतली महत्त्वाची चित्रे काढी. उडी मारायच्या आधी वाकलेला मिकी एक, हवेतला मिकी दुसरा. त्यांच्या मधली चित्रे मदतनीस भरत. मग ती सगळी चित्रे सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यांवर शाईने गिरवायची आणि मागच्या बाजूने रंगवायची. हे गिरवण्या-रंगवण्याचे काम स्त्रिया करत, वेगळ्या इमारतीत बसून. रेघ केसासारखी बारीक आणि हात जराही थरथरता कामा नये. पगार आठवड्याला वीस डॉलरच्या आतबाहेर. चित्रकार म्हणून शिकू इच्छिणाऱ्या एका मुलीला १९३८ साली स्टुडिओतून पत्र गेले की कार्टूनमधले कल्पक काम स्त्रिया करत नाहीत, ते तरुण पुरुषांचे काम. ते पत्र आज उपलब्ध आहे. कागदाला सुंदर रंगीत किनार आहे. आणि तो लिहिला गेला तेव्हा शंभराहून जास्त स्त्रियांनी रंगवलेली 'स्नो व्हाइट' थिएटरात धो धो चालत होती.

'स्नो व्हाइट' हा स्टुडिओचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. १९३४ साली एका संध्याकाळी वॉल्टने सर्वांना एकत्र बसवले आणि सगळी गोष्ट एकट्याने करून दाखवली: राणी, बुटके, सगळे तोच. तिथे हजर असलेली माणसे म्हातारपणीही त्या संध्याकाळबद्दल बोलत. हिशेब मात्र घसरला. खर्च अडीच लाख डॉलर धरला होता, तो सुमारे पंधरा लाखांवर गेला. हॉलिवूडमधले लोक या प्रकाराला 'डिस्नेचा मूर्खपणा' म्हणू लागले. तऱ्यातले-मऱ्यातले सगळे पणाला लावून, बँकेचे कर्ज काढून चित्रपट पुरा झाला आणि २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरात झळकला. लांबी ८३ मिनिटे. गुणाकार करून पाहा: ८३ गुणिले ६० गुणिले २४, म्हणजे १,१९,५२० चित्रचौकटी. एकेक चौकट कोणाच्या तरी हाताखालून गेलेली. वॉल्टला ऑस्कर मिळाले ते एक मोठे आणि सात छोटे, बुटक्यांइतके.

पैसा आला. बर्बँकला नवी कोरी वास्तू उभी राहिली. आपल्यापैकी कितीतरी जण फ्रीवेवरून जाताना ती बाहेरून पाहतात. पण १९४० साली आलेले 'पिनोकिओ' आणि 'फँटेशिया' हे चित्रपट खर्च भरून काढू शकले नाहीत, कारण महायुद्धामुळे युरोपातली थिएटरे हातची गेली होती. काटकसर सुरू झाली, आणि जुने प्रश्न वर आले. शेजारी बसून तेच काम करणाऱ्या दोघांना वेगळा पगार का? 'स्नो व्हाइट'साठी रात्री जागलेल्यांना यशाचा वाटा कधी? आणि पडद्यावर आमचे नाव का नाही?

आर्ट बॅबिट हा स्टुडिओतला भरपूर पगाराचा चित्रकार. गूफीला चाल आणि स्वभाव देणारा तोच. त्याला स्वतःला काही कमी नव्हते. पण हाताखालच्या मदतनिसांना पोटापुरते मिळत नाही हे त्याला बघवेना, आणि तो कामगार संघटनेत गेला. १९४१ च्या मे महिन्यात वॉल्टने त्याला काढून टाकले. दुसऱ्याच दिवशी, २९ मे रोजी, संप झाला. संप म्हणजे मागण्या मान्य होईपर्यंत सर्वांनी मिळून काम थांबवणे; हा शब्द वहीत लिहून घ्या, मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात तो पुन्हा भेटेल. शेकडो चित्रकार बर्बँकच्या फाटकाबाहेर फेऱ्या घालू लागले. हाती फलक होते, आणि ते चित्रकारांनीच रंगवलेले असल्यामुळे जगातल्या कोणत्याही संपात नसतील इतके देखणे होते. एकावर विचारले होते, आम्ही माणसे की उंदीर? एके सकाळी वॉल्टची गाडी फाटकातून आत जात असताना बॅबिटने भोंग्यावरून त्याला लाज काढणारे शब्द ऐकवले, आणि वॉल्ट गाडीतून उतरून त्याच्या अंगावर धावून निघाला, असे सांगतात.

वॉल्टला हे सगळे फार लागले. आपण एक कुटुंब आहोत असे तो मनापासून समजत होता. पण कुटुंबात हिशेब विचारता येत नाही, हीच तर संपकऱ्यांची अडचण होती. आम्हाला दोघांचेही दुःख कळते. तरी बाजू घ्यायची तर आम्ही फाटकाबाहेरच्यांची घेऊ. ऑस्वल्ड हातचा गेला तेव्हा वॉल्टला जे वाटले, तेच यांना रोज वाटत होते. ऑगस्टमध्ये सरकारच्या सांगण्यावरून वॉल्ट दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला, आणि त्याच्या पाठीमागे सरकारी मध्यस्थांनी संप मिटवला. संघटना मान्य झाली, पगारांचे नियम ठरले. पण घडी मोडली ती मोडलीच. पुष्कळ जण सोडून गेले किंवा कमी केले गेले. (पाहिलेत? 'कमी केले गेले.' आमच्याही लेखणीतून असे वाक्य येते.) बाहेर पडलेल्यांपैकी काहींनी यूपीए नावाचा नवा स्टुडिओ काढला आणि डिस्नेपेक्षा अगदी निराळ्या, मोजक्या रेघांच्या कार्टूनांनी नाव कमावले.

कमी झालेल्यांत एक होते टायरस वाँग. यांच्यापाशी आपण जरा थांबू, कारण ही गोष्ट आपल्यासारख्या परदेशी आलेल्या घरांची आहे. त्यांचा जन्म १९१० साली चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात झाला. नऊ वर्षांचे असताना ते वडिलांबरोबर अमेरिकेला निघाले. त्या वेळी चिनी लोकांना या देशात येण्याची कायद्याने बंदी होती, म्हणून कागदोपत्री दुसऱ्याच नावाने आले. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंडवर त्या एवढ्याशा मुलाला एकट्याला अडकवून ठेवले आणि उलटतपासणी घेतली. पुढे वडील त्यांच्याकडून अक्षरे घोटवून घेत. शाई परवडत नसे, म्हणून कुंचला पाण्यात बुडवून जुन्या वर्तमानपत्रावर.

१९३८ साली वाँग डिस्नेच्या स्टुडिओत मधली चित्रे भरायला लागले. कंटाळवाणे काम. तिकडे 'बँबी'ची तयारी चालू होती आणि ती अडली होती. जंगल इतके बारकाईने काढले जात होते की पानापानांत हरणेच हरवून जात. वाँग यांनी हे ऐकले, घरी जाऊन हरणांची काही चित्रे रंगवली आणि आणून दाखवली. जुन्या चिनी निसर्गचित्रांसारखी: झाड सगळे काढायचे नाही, धुक्यातून एक फांदी, थोडा उजेड, आणि त्यात लहानसे हरीण. बघणाऱ्यांच्या लक्षात आले की 'बँबी' असा दिसायला हवा. सगळा चित्रपट त्यांच्या चित्रांच्या धर्तीवर रंगला. पण १९४२ साली तो थिएटरात आला तेव्हा वाँग स्टुडिओत नव्हते, संपानंतरच्या कपातीत त्यांची नोकरी गेली होती. श्रेयनामावलीत त्यांचे नाव पार्श्वभूमी रंगवणाऱ्या अनेकांपैकी एक म्हणून आले. त्यानंतर पंचवीसहून जास्त वर्षे त्यांनी वॉर्नर ब्रदर्समध्ये काम केले, शुभेच्छापत्रांची चित्रे काढली, आणि म्हातारपणी समुद्रकाठी स्वतः बनवलेले प्रचंड पतंग उडवले. डिस्ने कंपनीने त्यांचा सन्मान केला तो २००१ साली. २०१६ मध्ये, वयाच्या १०६ व्या वर्षी, ते वारले.

त्याच 'बँबी'त शिकारी कुत्र्यांची झुंड फेलिनच्या मागे लागते ते दृश्य आठवते का? ते रेटा स्कॉट यांनी काढले. डिस्नेच्या चित्रपटात चित्रकार म्हणून पडद्यावर नाव आलेल्या त्या पहिल्या स्त्री. ते १९३८ चे पत्र आठवून हसायला हरकत नाही.

युद्धाची वर्षे लष्करासाठी शिक्षणपट काढण्यात गेली. १९५० च्या 'सिंड्रेला'ने स्टुडिओला कर्जातून वर काढले, १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडले, आणि ते तुम्हाला आमच्याहून जास्त पाठ आहे. आपल्या दृष्टीने त्या दशकातली एक घटना वेगळीच आहे. डिस्नेकडे मुरलेले क्लेअर वीक्स नावाचे चित्रकार १९५६ साली मुंबईला फिल्म्स डिव्हिजनमध्ये गेले. तिथे नव्याने उघडलेल्या कार्टून विभागातल्या तरुणांना त्यांनी शिकवले आणि जातककथेवरचा 'द बन्यन डिअर' हा चित्रपट १९५७ मध्ये झाला. शिकणाऱ्यांत राम मोहन होते, ज्यांना पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणू लागले. तेव्हा बर्बँकच्या संध्याकाळच्या वर्गांचा एक धागा मुंबईपर्यंत पोचला म्हणायला हरकत नाही.

१९५९ च्या 'स्लीपिंग ब्यूटी'वर साठ लाख डॉलर खर्च झाले आणि चित्रपटाने तोटा दिला. पुढच्या चित्रपटात तर ठिपक्या-ठिपक्यांचे एकशे एक कुत्रे! हाताने गिरवायचे तर स्टुडिओ बुडाला असता. तोडगा काढला तो अब आयवर्क्सने. हो, तोच. त्याने झेरॉक्सचे तंत्र असे जुळवून घेतले की चित्रकाराची पेन्सिलची रेघ थेट पारदर्शक पत्र्यावर उमटावी. आपले हे पत्रक तुमच्या हाती येते तेही त्याच तत्त्वावर, आणि मराठीत तर आपण 'झेरॉक्स काढून आण' असेच म्हणतो. १९६१ साली 'वन हंड्रेड अँड वन डालमेशियन्स' आला. रेघ जरा खरखरीत, पण जिवंत. चित्रकार खूश झाले, कारण त्यांची स्वतःची रेघ पहिल्यांदा जशीच्या तशी पडद्यावर आली. शाईने गिरवणाऱ्या स्त्रियांचे काम मात्र गेले. एकाच यंत्राने एकाचा हात लोकांपुढे आणला आणि दुसरीचा काढून घेतला.

वॉल्ट १५ डिसेंबर १९६६ रोजी वारला. त्याच्या देखरेखीखाली सुरू झालेला 'द जंगल बुक' १९६७ मध्ये आला. मोगलीचे जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचे, आणि मूळ पुस्तक लिहिणारे किपलिंग जन्मले मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या आवारात, त्यांचे वडील तिथे शिकवत. त्यानंतरची वीस वर्षे स्टुडिओची पडती म्हणावी लागेल. १९७९ साली डॉन ब्लूथ आणि त्यांचे साथीदार एकदम बाहेर पडले. १९८५ चा 'द ब्लॅक कॉल्ड्रन' साफ आपटला, आणि ज्यांच्या चित्रांवर बर्बँकची इमारत उभी राहिली त्या चित्रकार विभागालाच ती सोडून ग्लेनडेलच्या गोदामांत जाऊन बसावे लागले. 'द लिटल मरमेड' (१९८९), 'ब्यूटी अँड द बीस्ट' (१९९१), 'द लायन किंग' (१९९४) हे तिथे बसलेल्या माणसांनी स्टुडिओला परत उभे केले त्याचे पुरावे. त्याच सुमाराला रंगवण्याचे काम संगणकाकडे गेले. १९९५ मध्ये पिक्सार या दुसऱ्या कंपनीने 'टॉय स्टोरी' सगळाच संगणकावर केला, आणि २००६ मध्ये डिस्नेने पिक्सार विकतच घेतली. हातांनी काढलेला पूर्ण लांबीचा चित्रपट डिस्नेने शेवटचा केला तो २०११ चा 'विनी द पू'.

आजच्या चित्रपटांच्या शेवटी नावे सरकत राहतात, पाच-पाच, सात-सात मिनिटे. चित्रपट चालू असताना काम करणाऱ्यांच्या घरी जन्मलेल्या बाळांचीही नावे असतात. १९४१ साली फाटकाबाहेर ज्यासाठी फेऱ्या घातल्या, ते हे. आपण त्या वेळी पॉपकॉर्नचे डबे उचलून दाराकडे धावतो.

आता त्या सशाचे काय झाले तेही सांगून टाकू. ऑस्वल्ड ७८ वर्षे दुसऱ्यांकडे होता. २००६ साली अल मायकल्स या खेळांचे वर्णन करणाऱ्या प्रसिद्ध निवेदकाला डिस्नेच्या वाहिनीवरून एनबीसीकडे जायचे होते. डिस्नेने त्यांना सोडले आणि बदल्यात ससा मागून घेतला! उंदराची गंमत याच्या उलट. 'स्टीमबोट विली'वरचा डिस्नेचा मालकी हक्क अमेरिकेत ९५ वर्षांनी संपला, आणि १ जानेवारी २०२४ पासून त्या कार्टूनमधला काळापांढरा मिकी कोणालाही काढता येतो, अगदी आपल्या या पत्रकातही. (बराच नंतरचा मिकी अजून कंपनीचाच आहे. तसेच आपला अंक डिस्नेने काढला असे भासवायचे नाही, नाहीतर आपल्याला वकील शोधावा लागेल.)

गृहपाठ. खालील वाक्यांत कर्ता दडलेला आहे. पाठातून तो शोधा आणि वाक्य कर्मणी प्रयोगात पुन्हा लिहा: मिकी काढला गेला. पत्रे शाईने गिरवले गेले. बँबीचे जंगल धुक्यात ठेवले गेले. कुत्र्यांची झुंड रेखाटली गेली. पेन्सिलची रेघ थेट पत्र्यावर उमटवली गेली. ज्यांना चित्रकलेची आवड आहे त्यांनी वहीच्या कोपऱ्यात २४ पानांवर बोट चालवणारा उंदीर काढून, पाने भराभर उलटून पाहावीत. एकट्याला जमले नाही तर तिघांनी वाटून घ्या, आणि प्रत्येक पानाच्या मागे ते ज्याने काढले त्याचे नाव देवनागरीत लिहून आणा.